सहासष्टावा तुकडा

शाओ बोलिनचं रक्त बिघडलंय ही बातमी सात नंबरच्या इमारतीत सगळ्यांना आधी कळली आणि शाओ बोलिनला सगळ्यांत शेवटी. वस्तीच्या आरोग्य केंद्राने साठीपुढच्या रक्तदाबवाल्यांची फुकट तपासणी काढली होती. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, दंडातून पाच मिली रक्त द्यायचं आणि तीन आठवडे गप्प बसायचं. अहवाल आले तेव्हा केंद्रातल्या मुलीने इमारतीचा सगळा गठ्ठा थान मावशींच्या हातात ठेवला. थान मावशी संध्याकाळी चौकात बायकांचा नाच घेतात, त्यामुळे त्यांना सगळे ओळखतात. त्यांनी अहवाल घरोघर नेऊन दिले. मात्र देण्याआधी वाचले.

"शाओ भाऊजी!" मावशींनी तळमजल्यावरूनच हाक दिली. "तुमचा आकडा अठ्ठावीस! माझा अकरा, तिसऱ्या मजल्यावरच्या च्याओंचा चौदा. अख्ख्या इमारतीत तुम्ही पहिले!"

बोलिनला क्षणभर बरं वाटलं. चौतीस वर्षं त्याने लिआनयुनगांगच्या हवामान केंद्रात काढली होती आणि त्या चौतीस वर्षांत तो कशातही पहिला आलेला नव्हता. मग त्याने चष्मा लावून कागद पाहिला. आकड्यापुढे वर जाणारा लाल बाण होता, आणि बाणाचा अर्थ हवामान खात्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

केंद्रातल्या डॉक्टर शीन बोलता बोलता टाइप करत. "होमोसिस्टीन म्हणजे शरीरात तयार होणारा कचरा समजा. तो उचलायला आत एक कामगार असतो. तो कसा निपजणार हे आईकडून आलेल्या जनुकाच्या एका प्रतीवर आणि वडिलांकडून आलेल्या एका प्रतीवर ठरतं. तुमच्या दोन्ही प्रती मंद निघाल्या."

"म्हणजे माझा कामगार आळशी?"

"निवृत्तीला आलेला समजा."

हे वाक्य बोलिनला लागलं. तो स्वतः दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता आणि आळशी नव्हता. पण डॉक्टर शीन पुढे गेल्या होत्या. कचरा साचला की रक्तवाहिन्या खराब होतात, त्यात रक्तदाब, दोन्ही मिळून मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. उपाय मात्र सोपा होता. रक्तदाबाच्या गोळीबरोबर रोज फॉलिक ॲसिडची एक गोळी, आणि पालेभाज्या, त्याही तासभर न उकळता.

"वडील कशाने गेले?"

"झटक्याने. सहासष्टाव्या वर्षी. खळ्यावर उभे होते, तिथेच पडले."

"भावंडं?"

"थोरला भाऊ. पुढच्या महिन्यात त्याला सहासष्टावं लागतंय."

डॉक्टर शीनचं टाइप करणं थांबलं. "रक्तदाब आहे त्यांना?"

"तो म्हणतो नाही. मोजलेला नाही कधी."

"सख्ख्या भावात हीच जोडी निघण्याची शक्यता चारात एक तरी आहेच. जास्तही असेल. त्यांना घेऊन या."

घेऊन या! वाक्य दोन शब्दांचं होतं. शाओ बोशान या माणसाला आजवर कुणीही कुठेही घेऊन गेलेलं नाही हे त्या बिचारीला काय ठाऊक. दादा गावी राहायचा, बसने दीड तास. भुईमूग लावायचा, मक्याच्या पातळ पोळीत खारवलेला मासा गुंडाळून दिवसातून तीनदा खायचा आणि कोबी सकाळी चुलीवर चढवून दुपारी उतरवायचा. धाकट्या भावाच्या शब्दावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारणही होतं. पंचवीस वर्षांपूर्वी बोलिनने "दादा, आठवडाभर कोरडं आहे" असं छातीठोक सांगितलं, दादाने वर्षाच्या सगळ्या शेंगा खळ्यावर पसरल्या आणि दुसऱ्याच दिवशी असा पाऊस झाला की शेंगांना तिथेच मोड आले. त्या मोडांचा उल्लेख झाल्याशिवाय शाओंच्या घरात एकही सण पार पडला नाही.

बोलिनने घरी येऊन फोन लावला. प्रती, कामगार, कचरा, सगळं नीट समजावलं. शेवटी म्हणाला, "दादा, चारात एक शक्यता आहे."

"चारात एक म्हणजे पंचवीस टक्के ना?" दादा म्हणाला. "तुमच्या केंद्राने पंचवीस टक्के पाऊस सांगितला तर मी छत्री घेत नाही. शेंगा वाळत घालतो."

"दादा, बाबा असेच गेले."

"बाबा कशाने गेले ते मला सांगू नकोस. बाबांना मुलगी नव्हती म्हणून गेले."

आता इथे कुणी हसू नये, कारण आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. माणसाला सहासष्टावं लागलं की यमराज त्याच्या मांसावर टपून असतो. त्याला चकवायचं तर लेकीने खाटकाकडे जायचं, भाव न विचारता सुरीच्या एकाच घावात उतरवलेलं डुकराचं मांस आणायचं, त्याचे बरोबर सहासष्ट तुकडे करायचे आणि वाढदिवसाला बापाने ते सगळे खायचे. यमराज समजतो की याचं मांस मिळालं, आणि पुढच्या दारी जातो. म्हाताऱ्या शाओंना दोन मुलगे. तुकडे करायला लेक नाही. थोरल्या सुनेने करू का म्हणून विचारलं होतं, पण सुनेचं चालत नाही. आठ महिन्यांनी म्हातारा खळ्यावर पडला. दोन भावांनी एकच मरण पाहिलं होतं. एकाला त्यात मंद प्रती दिसत होत्या आणि दुसऱ्याला न कापलेलं मांस.

"मला लेक आहे, युनश्या," दादा म्हणाला. "माझं काही होत नाही. तरी तुझी तपासणी फुकट असली तर बघू."

'बघू' हा शब्द दादाच्या तोंडून निघणं हीच मोठी गोष्ट होती. बोलिनने तो घट्ट धरला.

तपासणी फुकट होती, पण वस्तीत नाव असलेल्यांना. बाहेरगावच्या नातेवाइकाला हवी तर नात्याचा दाखला हवा. वस्तीच्या कचेरीतली बाई म्हणाली, "हे तुमचे भाऊ कशावरून?"

"आडनाव एक आहे. नावातला 'बो'ही एक आहे. आमच्या पिढीत सगळ्यांच्या नावात 'बो' आहे."

"मग गावातले सगळेच तुमचे भाऊ."

"चेहरा बघा ना! फोटो आणलाय."

बाईने फोटो पाहिला. "हे तर तुमच्यापेक्षा बरे दिसतात," ती म्हणाली आणि गावच्या कचेरीकडे बोट दाखवलं. गावच्या कचेरीत कळलं की दोघांची घरं वेगळी झाली तेव्हा नोंदीही वेगळ्या झाल्या आणि त्याआधीचं दप्तर उंदरांनी खाल्लं. आता दोन साक्षीदार आणायचे, सत्तरीपुढचे, ज्यांनी दोघांना एका आईच्या पोटचे म्हणून पाहिलंय. बोलिन म्हणाला, "अहो, आमचं रक्त एका ठिकाणचं आहे की नाही हेच त्या तपासणीत कळणार आहे!" कारकून म्हणाला, "मग आधी तपासणी करून या, लगेच दाखला देतो."

नऊ दिवस गेले. सहा शिक्के मिळाले. दहाव्या दिवशी बोलिनने दाखला हातात फडकवत फोन केला. "दादा, सगळं झालं. फुकट! तू बघू म्हणाला होतास."

"बघितलं," दादा म्हणाला. "नाही येत."

या नऊ दिवसांत इमारत गप्प बसली नव्हती. कुणी व्हिनेगरमध्ये मुरवलेले शेंगदाणे आणून दिले, कुणी काळी अळंबी. निवृत्त मुख्याध्यापक च्याओ म्हणाले की सगळा रोग मनात असतो, आणि त्याच बैठकीत आपल्या सात रोगांची नावं सांगून गेले. थान मावशींनी मात्र प्रत्यक्ष कृती सुचवली. सकाळी बागेत जायचं, जाड झाडाकडे पाठ करायची आणि झाडावर पाठ आपटायची. शंभर वेळा. नळ्या मोकळ्या होतात. मावशींच्या ओळखीतला एक माणूस असं करून त्र्याण्णव वर्षं जगला.

बोलिन विज्ञानाचा माणूस. त्याने ठरवलं, प्रयोग म्हणून वीसच वेळा. अकराव्या वेळेला पाठीत काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला आणि तो झाडाला टेकून तसाच उभा राहिला, कारण वेगळं काही करणं शक्य नव्हतं. माळ्याने येऊन झाडाला दुखापत केल्याबद्दल त्याला चार शब्द सुनावले. मावशींच्या नाचातल्या एका बाईने हा प्रसंग फोनवर टिपला, आणि तो कुठून कुठून फिरत संध्याकाळपर्यंत गावी दादाकडे पोचला.

"झाडाला टकरा देणारा माणूस मला अक्कल शिकवणार!" दादा फोनवर इतका हसला की वहिनींना पाणी आणावं लागलं.

"तुमची अब्रू ना, अहो, मलमासारखी आहे," रुईफेन नवऱ्याच्या पाठीला मलम चोळत म्हणाली. "थोडी थोडी करून सगळी संपवली तुम्ही." मग तिचा हात थांबला. "पण भाऊजींचं काय? बाबा पडले तेव्हा मी तिथेच होते. त्यांचं तोंड एका बाजूला गेलं होतं आणि ते मला काहीतरी सांगत होते. काय ते आजवर कळलं नाही मला."

त्या घरात ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणी काढली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाठीला पट्टा बांधून तो डॉक्टर शीनकडे गेला आणि कापसाच्या बोळ्याची एक नळी मागून घेतली.

"त्यांना विचारून घ्या हं," डॉक्टर शीन म्हणाल्या.

"विचारीन," बोलिन म्हणाला. आधी की नंतर, हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

गावी पोचला तेव्हा दादा जेवून आडवा झाला होता. तोंड उघडं, घोरणं चालू. देवाने जणू काम सोपं करून ठेवलं होतं. बोलिनने नळीचं झाकण काढलं, श्वास रोखला आणि बोळा हळूच दादाच्या गालात घातला. कागदावर लिहिलं होतं, दहा वेळा गोल फिरवा. तो मनात मोजत होता. सहाव्याला दादाचं घोरणं थांबलं. सातव्याला दादाने तोंड मिटलं. बोळ्याची काडी आणि बोलिनचं बोट, दोन्ही आत.

बोलिनच्या ओरडण्याने वहिनी धावत आल्या, शेजारची माणसं आली आणि शेजाऱ्यांचा कुत्राही. दादा उठून बसला, तोंडातून कापूस काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"मेलेल्या माणसाच्या तोंडात घालतात, तसं तू माझ्या तोंडात घालतोस? जिवंतपणी? सहासष्टावं तोंडावर आलं असताना?"

"दादा, तसं नाही, ते..."

"चालता हो! आणि वाढदिवसाला या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस!"

बसमध्ये बोलिन बोट गुंडाळून बसला होता. पाठ दुखत होती, बोट दुखत होतं. पण खरं सांगायचं तर या दोन्हींपेक्षा वेगळंच काही दुखत होतं. दादा आता मुळीच ऐकणार नाही, आणि दोष त्याचाच. चौतीस वर्षं त्याने लोकांना पाऊस येणार म्हणून सांगितलं होतं आणि आपल्या एका भावाला तो छत्री धरायला लावू शकत नव्हता.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी पुतणीचा फोन आला. युनश्या वाहतूक खात्यात होती आणि बापासारखीच बोलायची.

"काका, या तुम्ही. बाबांनी आज दोनदा विचारलं, तुमची खुर्ची कुठे मांडायची म्हणून. मग म्हणाले मांडायची नाही. मग स्वतःच मांडली. आलात की आधी स्वयंपाकघरात बसा, ते थोडे प्यायले की बोलावते."

त्यामुळे वाढदिवसाच्या दुपारी शाओ बोलिन, निवृत्त हवामान निरीक्षक, वय बासष्ट, नवा कोट घालून भावाच्या स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीवर बसला होता. बाहेर अंगणात तीस माणसं, चार टेबलं आणि आरडाओरडा. रुईफेन वहिनींबरोबर ताटं भरत होती. बोलिनला काही काम नव्हतं. काम नसलं आणि मन थाऱ्यावर नसलं की त्याला तोंडात काहीतरी टाकायची सवय होती. हाताशी ओट्यावर एक वाडगा होता, त्यात सोयात शिजवलेले, दाण्याएवढे मांसाचे तुकडे. त्याने विचार न करता एक उचलला आणि तोंडात टाकला. चव छान होती.

मग युनश्या आली आणि दोन्ही हातांनी वाडगा घेऊन बाहेर गेली. बोलिन दाराच्या फटीतून पाहू लागला.

दादा दाराकडे तोंड करून मानाच्या जागी बसला होता, लाल जॅकेट घालून. अंगण शांत झालं. युनश्या एकेक तुकडा जेवणाच्या काड्यांनी उचलून बापाच्या तोंडात देत होती आणि मोठ्याने मोजत होती. तिसाव्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. पन्नासाव्याला दादा म्हणाला, "अगं, जरा पाणी दे, यमराज पळून नाही जात." सगळे हसले.

"चौसष्ट. पासष्ट." युनश्याने वाडग्यात काड्या फिरवल्या. वाडगा वाकडा करून पाहिला. उपडा करून पाहिला. "बाबा, मी दोनदा मोजले होते हो. सहासष्ट होते."

सगळे एकदम बोलू लागले. एक म्हणाला दुसरा तुकडा शिजवा. दुसरा म्हणाला एका घावातलंच लागतं, दुसऱ्या सुरीचं चालत नाही. तिसरा म्हणाला एका तुकड्याचे दोन करायचे. "कुठल्या तुकड्याचे?" चौथा म्हणाला. "सगळे पोटात गेले!"

दादाच्या तोंडावरचा रंग उतरला होता. हातातला पेला त्याने टेबलावर ठेवला आणि तो अगदी हळू म्हणाला, "बाबांसारखंच होणार."

तेवढ्या अंतरावरूनही बोलिनला ते ऐकू आलं. तो आता कांद्याच्या टोपलीवर बसून राहू शकला नाही. दार ढकलून, पट्ट्यामुळे ताठ, नव्या कोटाला कांद्याची सालं चिकटलेली, असा तो तीस माणसांसमोर भावापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, मी खाल्ला."

"काय खाल्लं?"

"सहासष्टावा. मला वाटलं, असेच ठेवलेत."

रुईफेनने डोळे मिटून घेतले. बोलिन भावाच्या हाताची वाट पाहत उभा राहिला. लहानपणी यापेक्षा कमी गुन्ह्याला दोन बसायच्या. पण दादाने आधी चौकशी केली.

"गिळलास?"

"गिळला."

"चावून?"

"चावून, दादा."

"मग तो आता तुझ्याकडे येईल," दादा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "माझ्या वाटचं मांस तुझ्या पोटात गेलं. अरे गाढवा, थोरला मी आहे. माझ्या आधी जायचं नाही तू. बाबांना मी शब्द दिलाय." आणि त्या दांडग्या माणसाने सगळ्यांदेखत बाहीने नाक पुसलं.

आयुष्यात पहिल्यांदा बोलिनला टक्के सुचले नाहीत.

"मला काही होत नाही, दादा," तो म्हणाला. "मी माझं दिलंय."

"काय दिलंस?"

बोलिनने कोट काढला, बाही वर केली आणि दंड पुढे धरला. "रक्त. पाच मिली. इथून."

"कधी?"

"दोन महिने होतील आता. तेच तर सांगत होतो!"

"तेच?" दादा उठून उभा राहिला. "तू मला कचरा सांगितलास, कामगार सांगितलास, पंचवीस टक्के सांगितलेस! यमराजाला रक्त देऊन मोकळा झालोय, असं एकदा तरी म्हणालास?"

बोलिनने रक्त दिलं होतं हे खरं होतं, ते मरण टाळण्यासाठी दिलं होतं हेही खरं होतं. ते नेमकं कुणाकडे पोचलं, हा विषय हवामान खात्याच्या अखत्यारीत कधीच नव्हता.

"आत्याबाई," दादाने पहिल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे नव्वदीच्या आत्याबाई बिनदातांनी टोफू चघळत होत्या. "मांसाऐवजी रक्त चालतं?"

आत्याबाईंनी टोफू सावकाश गिळला.

"मांस कशाचं होतं? रक्ताचंच ना?" त्या म्हणाल्या. "चालतं म्हणजे काय! ताजं असतं."

दुसऱ्या टेबलावर गावच्या दवाखान्यातली डॉक्टरीण हातात कोंबडीची तंगडी घेऊन बसली होती. तिला भरल्या पोटी पिशवी आणायला घरी पळवलं. ती आली, दादाचा रक्तदाब मोजला, आणि आकडा बघून पुन्हा मोजला. "एकशे अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "बोशान काका, तुम्ही चालता कसे?" मग तिने खरी अडचण काढली. जनुकासाठी रक्त आत्ता चालेल, पण होमोसिस्टीनचा आकडा बघायचा तर रक्त उपाशीपोटी लागतं, आणि काकांच्या पोटात आत्ता पासष्ट तुकडे आहेत.

बोलिनला घाम फुटला. सहा शिक्के मिळवलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणजे काय असतं ते पक्कं ठाऊक होतं.

"मग दोनदा घे," दादाने दंड पुढे केला. "आत्ता माझं. उद्या सकाळी याच्या तुकड्याचं. आणि हा आज इथेच राहील, माझ्या नजरेसमोर. याने अजून काही खाल्लं तर?"

सुई टोचली तेव्हा दादाने तोंड फिरवलं आणि धाकट्या भावाचा हात धरला, नेमका चावलेल्या बोटाचा. बोलिन ओरडला नाही. नळी भरली तशी युनश्या मोठ्याने म्हणाली, "सहासष्ट!" आणि अंगणात असा जल्लोष झाला की शेजाऱ्यांचा कुत्रा पुन्हा आला.

अहवाल बारा दिवसांनी आला. दोन्ही प्रती मंद, अगदी बोलिनसारख्या. आकडा एक्केचाळीस. डॉक्टर शीन म्हणाल्या की बरं झालं, वेळेवर आणलंत. दादाला मात्र यातली एकच गोष्ट भावली.

"तुझा अठ्ठावीस, माझा एक्केचाळीस," तो फोनवर म्हणाला. "थोरला कोण?"

थान मावशींनी ही बातमी चौकात जाहीर केली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नाचाच्या पथकातल्या चौदा बायकांनी आपापल्या भावांना फोन लावले, आणि वस्तीच्या कचेरीसमोर नात्याच्या दाखल्यासाठी रांग लागली. रांगेतली माणसं सल्ल्यासाठी बोलिनकडे येऊ लागली. सहा शिक्के कुठल्या क्रमाने मारून घ्यायचे हे त्याला तोंडपाठ होतं. कचेरीतली बाई त्याला बघून उठून उभी राहू लागली. चौतीस वर्षांच्या नोकरीत जे झालं नाही ते झालं, लोक त्याला विचारून घराबाहेर पडू लागले.

दादा रोज सकाळी दोन्ही गोळ्या घ्यायचा, आधी दाराबाहेर बघून, कुणी उभं आहे का म्हणून. कोबी आता दोन मिनिटांत चुलीवरून उतरायचा. वहिनी म्हणाल्या की लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण कोबी हिरवा असतो हे या घरात आत्ता कळलं. चार महिन्यांनी दादाचा आकडा तेरा झाला आणि बोलिनचा बारा. दादाला एकाने पुढे असल्याचं समाधान होतं. रक्तदाबही खाली आला. बाबांना जो आठवा महिना ओलांडता आला नव्हता, तो दादाने भुईमूग लावण्यात घालवला.

पुढच्या वर्षी सदुसष्टाव्या वाढदिवसाच्या सकाळी फोन वाजला. बोलिन कोट घालून बसची वाट धरायच्या तयारीतच होता.

"बोलिन," दादा म्हणाला, "गेल्या वर्षी तू काय म्हणाला होतास? चारात एक. धोका आहे. बाबांसारखं होईल."

"हो, दादा."

"अख्खं वर्ष गेलं. काही झालं नाही. ठणठणीत उभा आहे मी, खळ्यावर. बाबा पडले त्याच जागी." फोनमध्ये क्षणभर नुसता वारा ऐकू आला. "परत चुकलास तू."

"चुकलो, दादा," बोलिन म्हणाला. रुईफेनने बघितलं तर तो रडत होता आणि हसतही होता. "साफ चुकलो!"

"मग ये लवकर. शेंगा वाळत घालायच्यात, आणि आकाश कसं आहे ते तुलाच विचारायचंय."